जकात, ज़कात आणि दुबईचा लॅपटॉप

जून-जुलै आले की पुण्यात कॅम्पात, कोंढव्यात, मोमिनपुऱ्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "दुबईहून कुणी येतंय का?" पूर्वी हा प्रश्न अत्तर, घोंगड्या आणि टेपरेकॉर्डरसाठी असायचा. आता लॅपटॉपसाठी असतो. मुलगा इंजिनिअरिंगला लागतो, मुलगी पूना कॉलेजात किंवा आझम कॅम्पसमध्ये कॉम्प्युटरला प्रवेश घेते, आणि घरात पहिला विचार दुकानाचा येत नाही, शारजात असलेल्या मामूंचा येतो. आखातात कुणी ना कुणी असणं हे आपल्यात जवळपास प्रत्येक खानदानाचं भांडवल आहे. त्या भांडवलाचा वापर करण्यात काही गैर नाही. माझं म्हणणं आहे ते त्यानंतर जे सुरू होतं त्याबद्दल: खोका फेकून दे, स्टिकर काढ, "जुनाच आहे म्हण", पार्सलवर "गिफ्ट" लिही, किंमत पाव कर. आणि हे सगळं करताना वर धर्माचा आधार घेतला जातो, की सरकारी टॅक्स चुकवणं हा काही गुनाह नाही.

आधी हिशेब बघू, कारण निम्मा गोंधळ हिशेबाचाच आहे.

लॅपटॉपवर भारतात मूळ सीमाशुल्क शून्य आहे, हे ऐकून बरेच जण दचकतात. १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं आयातशुल्क हटवण्याचा करार झाला, भारत पुढच्या वर्षी त्यात सामील झाला आणि संगणकावरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं गेलं. उरतो तो १८ टक्के आयजीएसटी. तो परदेशी मालाला शिक्षा म्हणून नाही. तपकीर गल्लीच्या आसपासच्या दुकानातून तुम्ही लॅपटॉप घेता तेव्हा बिलात तोच १८ टक्के जीएसटी असतो. म्हणजे ज्याला आपण "कस्टमवाले लुटतात" म्हणतो, त्यातला मोठा भाग पुण्यातल्या गिऱ्हाइकानं मुकाट्यानं भरलेलाच असतो.

दुबईत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. पर्यटकाला तो विमानतळावर बिल दाखवून बराचसा परत मिळतो, पण तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या मामूंना मिळत नाही, कारण ते तिथले रहिवासी. म्हणजे खरा फरक ५ आणि १८ यांतला. त्यातून वजा करा वॉरंटी, जी काही कंपन्यांची जगभर चालते आणि काहींची तिथल्या तिथेच राहते. चार्जरची पिन तिथली, चौकोनी तीन पायांची. आणि कीबोर्डवर अरबी अक्षरं. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना वाटलं, चला, नातू आता उर्दू टाइप करेल. पण अरबी कीबोर्डवर टे, डाल, ड़े कुठून येणार? मराठी तर नाहीच नाही.

आता विमानाने येणाऱ्या सामानाचा नियम. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप पूर्ण शुल्कमाफ आहे. नवा असो, जुना असो, खोक्यात असो. खोका फेकायची गरजच नाही! शिवाय फेब्रुवारी २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे इतर वस्तूंना ५०,००० रुपयांपर्यंत वेगळी सूट होती, आणि लॅपटॉप त्या पन्नास हजारांत मोजला जात नव्हता. मोबाइल मात्र मोजला जायचा. तेव्हा लॅपटॉपसोबत ६५,००० चा नवा फोन आणला, तर वरच्या १५,००० वर ३५ टक्के शुल्क आणि त्यावर दहा टक्के अधिभार, मिळून साडेअडतीस टक्के, म्हणजे ५,७७५ रुपये भरावे लागत. पाच जणांचं कुटुंब येत असेल आणि तिघं लहान असतील, तर लॅपटॉप दोनच. पोराच्या पासपोर्टवर तिसरा चालत नाही.

इतका सरळ नियम असताना लोक हिरव्या मार्गातून जाताना घामाघूम का होतात? कारण नियम कुणी वाचलेला नसतो, आणि ऐकीव गोष्टी भयंकर असतात. जो माणूस कायद्यानं पूर्णपणे बरोबर आहे, तोही खोटं बोलून येतो. नवाकोरा लॅपटॉप "दोन वर्षं वापरतोय" म्हणतो, आणि अधिकारी चालू करायला सांगतो तेव्हा पडद्यावर भाषा निवडायचा पहिला प्रश्न उभा असतो. विनाकारण पत गेली.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. आखातातून येणाऱ्या विमानातले प्रवासी, त्यातही दाढी-टोपीवाले, रांगेतून बाजूला घेतले जातात हा अनुभव घराघरात आहे. उमऱ्याहून परतताना माझ्याही बॅगा उघडल्या गेल्या आहेत, खजूर आणि आबेझमझमच्या बाटलीपर्यंत. अधिकारी नम्रपणे वागला, पण मागे उभ्या असलेल्या माणसाची नजर नम्र नव्हती. यावर काही जणांचं म्हणणं असतं, संशय तर घेतातच, मग लपवलं तर काय बिघडलं? मी उलट म्हणतो. ज्याच्याकडे आधीच संशयानं बघितलं जातं, त्याला साधं खोटंही महाग पडतं. दुसऱ्याची "चूक" जिथे हसण्यावारी जाते, तिथे आपली "तस्करी" होते. कस्टम्स कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे सामान जाहीर करणं हे प्रवाशाचं काम आहे. लपवलेलं सापडलं तर माल जप्त आणि वर दंड. बिल हातात असलेला माणूस निदान ताठ मानेनं उभा राहतो.

पार्सलची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे सरकारशी माझं भांडण आहे.

माझ्या भाचीला गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तिच्या चाचांनी शारजाहून लॅपटॉप कुरिअरनं पाठवला. किंमत साधारण २,४०० दिरहम, म्हणजे ५४,००० रुपयांच्या आसपास. चाचांना तिथल्या दोस्तांनी सल्ला दिला, "गिफ्ट लिहा, ३०० दिरहम लिहा, सुटून जातं." सुटलं नाही. पार्सल मुंबईत थांबलं. कुरिअर कंपनीनं आधी आधार मागितलं, मग बिल, मग पैसे दिल्याचा पुरावा. आता बिल द्यावं तर पार्सलवरची किंमत खोटी ठरते, आणि न द्यावं तर माल सुटत नाही. बहनोई दोन रात्री झोपले नाहीत. शेवटी खरं बिल पाठवलं, शुल्क भरलं. लॅपटॉप घरी आला तेव्हा कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. शुल्क, कंपनीचा हाताळणीचा आकार आणि गोदामाचं भाडं धरून जो आकडा झाला, त्यात तोच लॅपटॉप पुण्यात घेऊन वर पाठीवरची बॅगही आली असती.

भेट म्हणून आलेल्या पार्सलला एकेकाळी ५,००० रुपयांपर्यंत माफी होती. चिनी खरेदीच्या साइट्सनी रोजची हजारो पार्सलं "गिफ्ट" म्हणून घुसवायला सुरुवात केली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये सरकारनं ती माफी काढली. आता सूट राखीला आणि जीव वाचवणाऱ्या औषधांना. ईदी कर भरूनच येते. ते ठीकच आहे, आणि चोपन्न हजारांचा लॅपटॉप तेव्हाही पाच हजारांच्या माफीत बसला नसता. भांडण पुढचं आहे. तोच लॅपटॉप, त्याच चाचांनी, त्याच भाचीला पाठवलेला. चाचांच्या हातातल्या पिशवीतून आला तर कर शून्य. संगणक म्हणून व्यापारी आयातीत आला तर १८ टक्के. आणि वैयक्तिक वापराचं पार्सल म्हणून ९८०४ या शीर्षकाखाली धरला तर आयजीएसटी आहेच, वर मूळ शुल्क वेगळं. कर लागतो तो भाड्याचा खर्च आणि विमा मिळवून होणाऱ्या किमतीवर. ६५,००० धरली तर १८ टक्क्यांनी ११,७०० होतात, आणि ९८०४ खाली त्यात मूळ शुल्क अजून यायचंच आहे. म्हणजे ज्याच्या घरात विमानानं ये-जा करणारं माणूस आहे त्याला माफी, आणि ज्याच्या चाचांना दोन वर्षं सुट्टीच मिळत नाही, जे लेबर कॅम्पात राहून पैसे साठवून एकदाच काय ते पाठवतात, त्यांना सगळ्यात मोठा दर. जो नियम गरिबाकडून जास्त घेतो, तो लोकांना खोटं लिहायला शिकवतो. चाचांना तो सल्ला दोस्तांनी दिला खरा, पण त्या दोस्तांना शिकवलं कुणी?

मात्र नियम वाईट आहे म्हणून खोटं लिहिणं जायज़ होतं का? आमच्या बैठकीत याचं उत्तर लगेच येतं: शरीअतनं मुसलमानावर ज़कात फर्ज़ केली आहे, कस्टम नाही, उलट "मक्स", म्हणजे नाक्यावरची जुलमी वसुली, हदीसमध्ये नापसंत आहे. अर्धी गोष्ट बरोबर आहे. मक्सची निंदा आहे, पण ती रस्ता अडवून मनमानी उकळणाऱ्याची. जाहीर केलेला, सगळ्यांना सारखा लागू असलेला कर ही वेगळी वस्तू आहे, आणि तिची मिसाल आपल्याच इतिहासात आहे.

हज़रत उमर यांच्या काळात अबू मूसा अशअरींनी त्यांना कळवलं, की आपले व्यापारी परक्या मुलखात जातात तेव्हा तिथे त्यांच्याकडून दहावा हिस्सा घेतला जातो. उमर यांनी उत्तर दिलं, तुम्हीही त्यांच्याकडून तेवढाच घ्या. इस्लामी राज्यात सीमेवरच्या कराची सुरुवात अशी झाली. परक्या व्यापाऱ्याकडून दहावा हिस्सा, ज़िम्मी प्रजेकडून विसावा, मुसलमानाकडून चाळिसावा, आणि दोनशे दिरहमांखालच्या मालाला माफी. इमाम अबू हनीफांचे शागीर्द आणि हारून रशीदचे काज़ी अबू यूसुफ यांच्या किताबुल खराजमध्ये हे सगळं नोंदलेलं आहे. प्रजेत धर्मावरून दर वेगळे ठेवणं आज कुणी मान्य करणार नाही, मीही करत नाही. पण त्याच किताबात एक बारीकशी गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. या कामावर नेमलेले ज़ियाद बिन हुदैर सांगतात, की उमर यांनी त्यांना ताकीद दिली होती, कुणाची झडती घेऊ नका. समोर येईल त्या मालावर कर घ्या. म्हणजे वसुली माणसाच्या शब्दावर चालायची. आज आपली बॅग उघडतात म्हणून आपण रागावतो. पण झडती नको असेल तर शब्द खरा असावा लागतो, हा त्या व्यवस्थेचा दुसरा अर्धा भाग आपण सोयीनं विसरतो.

आणि करार आहेच. आपण या देशाच्या पासपोर्टवर बाहेर जातो, त्याच्याच भरवशावर परत येतो. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकुमानं होते. तिथे कोणाशी केलेला करार पाळायचा आणि कोणाशी केलेला मोडायचा, अशी यादी नाही.

मराठीनं तर या बाबतीत आपली गंमतच केली आहे. ज़कात हा आपला शब्द, इबादतीचा. मराठीत आला आणि नाक्यावर जाऊन बसला. पुण्यात लहानाची मोठी झालेली मुस्लिम मुलं दोन जकाती ओळखतात: एक रमज़ानमध्ये अब्बा काढतात ती, आणि दुसरी शहराच्या वेशीवर ट्रक थांबवणारी. दुसरी पुण्यात १ एप्रिल २०१३ ला संपली, तिच्या जागी एलबीटी आला, मग जीएसटी. पण जकात नाका हे नाव पत्त्यांत आणि लोकांच्या तोंडात अजून आहे. शिवाजी महाराजांच्या कागदपत्रांत हाच शब्द आयातकराच्या अर्थानं येतो. १६७१ मध्ये त्यांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलं, की बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वरचं मीठ मागे पडतं. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा. आपल्या मिठागरांना जगवण्यासाठी बाहेरचा माल महाग करणं, हे धोरण आपल्या मुलखात साडेतीनशे वर्षं जुनं आहे. ते चुकीचं नव्हतं. कारण संगमेश्वरला मीठ होतं.

प्रश्न हा, की लॅपटॉपच्या बाबतीत आपलं संगमेश्वर कुठे आहे? ३ ऑगस्ट २०२३ ला विदेश व्यापार महासंचालनालयानं एका फटक्यात लॅपटॉप, टॅबलेट आणि सर्व्हरच्या आयातीला परवाना सक्तीचा केला. पुण्यात त्या संध्याकाळी प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर "लॅपटॉप बंद" फिरत होतं. प्रवाशाच्या सामानातला लॅपटॉप आणि पोस्ट-कुरिअरनं आलेला एक लॅपटॉप यांना त्याच अधिसूचनेत सूट होती, हे कुणी वाचलं नाही. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली, आणि ऑक्टोबरमध्ये परवान्याऐवजी नोंदणी करून मंजुरी घेण्याची व्यवस्था आली. धोरण असं रात्रीत येतं आणि सकाळी मागे जातं तेव्हा नागरिक नियमांपेक्षा अफवांवर जास्त विश्वास ठेवतो.

पुण्याला हे दुखणं नवं नाही. १९८१ मध्ये इन्फोसिस पुण्यातच सुरू झाली. संगणक आयात करायच्या परवान्यासाठी दिल्लीच्या किती खेपा घालाव्या लागल्या आणि त्यात किती वर्षं गेली, हे नारायण मूर्तींनी अनेकदा सांगितलं आहे. पुढे अमेरिकेनं हवा तेवढ्या ताकदीचा क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. याचा अभिमान मलाही आहे. फक्त लक्षात ठेवायचं ते हे, की त्या स्वदेशी परममधल्या ट्रान्सप्युटर चिप्स ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या होत्या. बाहेरून सुटे भाग येऊ दिले म्हणून आत काही बनलं. आज विद्यार्थ्याचा लॅपटॉप हा असाच सुटा भाग आहे, त्यातून बनायचं ते तो विद्यार्थी बनवणार आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जी माफी हातातल्या पिशवीला आहे, ती वर्षातून एकदा, एका विद्यार्थ्याच्या नावे, प्रवेशाचा पुरावा जोडून आलेल्या पार्सललाही द्या. आणि पूर्ण माफी जमत नसेल तर निदान दुकानातला १८ टक्के दर लावा, ९८०४ च्या खात्यात ढकलू नका. खरी किंमत लिहिणारा माणूस खोटी लिहिणाऱ्यापेक्षा तोट्यात जाऊ नये, एवढं तरी व्हावं.

दुसरी गोष्ट घरातली. अलीकडे ज़कातीच्या पैशातून गरजू मुलांना लॅपटॉप देण्याचा चांगला रिवाज पडतो आहे. यात तम्लीकची अट असते, म्हणजे वस्तू त्या मुलाच्या मालकीची झाली पाहिजे. मदरशाच्या कपाटात कुलूपबंद ठेवून "वापरायला" दिलेल्या लॅपटॉपनं ज़कात अदा होत नाही, हे कमिट्यांनी नीट विचारून घ्यावं. पण हिशेब बघा. ५०,००० चा लॅपटॉप घेतला तर त्यात ७,६२७ रुपये जीएसटी. ज़कातीतून जकात! छापील पुस्तकाला आणि वहीला जीएसटी शून्य आहे, आणि ज्यावर आता पुस्तक आणि वही दोन्ही आहे त्या लॅपटॉपला १८. श्रीमंताच्या दीड लाखाच्या यंत्राला जो दर, तोच शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलीच्या तीस हजारांच्या यंत्राला. पुण्यातल्या सगळ्याच समाजांच्या शिक्षणसंस्था आणि ट्रस्ट हा भार सोसतात. ही मागणी सगळ्यांनी मिळून केली तर तिला वजन येईल.

तोवर, यंदा कुणी दुबईहून येत असेल आणि त्यांच्याकडून लॅपटॉप मागवणार असाल, तर खोका आणि स्टिकर जसेच्या तसे राहू द्या. दुकानाचं छापील बिल लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवायला सांगा. मेलवरचं बिल रांगेत उभं असताना उघडत नाही.